कामगारांचे कैवारी : नारायण मेघाजी लोखंडे

सन १८५६ मध्ये मुंबईत ताडदेव येथे कावसजी दावर यांची कापड गिरणी सुरू झाली आणि पुढील तीस वर्षांत या बेटाचे रूप पार पालटून गेले. भायखळा, चिंचपोकळी, परळ, महालक्ष्मी या भागांत एकामागून एक धुराडी उभी राहिली. कोकणातून, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्यातून, तसेच घाटावरील सातारा, पुणे या जिल्ह्यांतून हजारो माणसे कामाच्या शोधात मुंबईला येऊ लागली. शेतावर राबणे त्यांना नवे नव्हते. परंतु शेतातले काम माणसाच्या आणि बैलाच्या दमाने चाले. भर दुपारी औत सोडले जाई, बैलांना वैरण पडे, माणूस झाडाखाली बसून भाकरी खाई. गिरणीतले यंत्र मात्र दमत नव्हते. वाफेच्या जोरावर फिरणारा साचा जोवर फिरतो आहे, तोवर त्याच्यापुढे उभ्या असलेल्या माणसालाही उभे राहणे भाग होते.

विजेचे दिवे अद्याप आलेले नव्हते. त्यामुळे दिवस उजाडताच गिरणी सुरू व्हायची आणि दिवस मावळला की थांबायची. हिवाळ्यात हे काम दहा-अकरा तासांचे, तर उन्हाळ्यात तेरा-चौदा तासांचे होई. आठवड्याची ठरलेली सुटी नव्हती. सणावारी गिरणी बंद राहत असे, तेवढीच काय ती सवड. रविवारी कापड विणले गेले नाही, तरी यंत्रे पुसण्यासाठी कामगारांना बोलावले जाई आणि त्यात त्यांचा अर्धा दिवस सहज निघून जाई. दुपारी जेवायला वेळ द्यायचा की नाही, आणि द्यायचा तर किती, हे त्या त्या गिरणीच्या रिवाजावर अवलंबून असे. विश्रांती हा कामगाराचा हक्क आहे, ही कल्पनाच तेव्हा रूढ नव्हती.

या गर्दीत मुलेही होती. सूतखात्यात भरलेल्या बाबिनी काढून तेथे रिकाम्या बाबिनी बसवणे, तुटलेला धागा सांधणे अशी कामे लहान हातांनी चपळाईने होतात, म्हणून सात-आठ वर्षांची मुलेसुद्धा कामावर घेतली जात. त्यांच्या आया बहुधा त्याच गिरणीत सूत गुंडाळण्याच्या खात्यात काम करीत. घरी मुलाला सांभाळायला कोणी नाही आणि त्याने आणलेले चार पैसे घराला हवे आहेत, अशी ही दुहेरी अडचण होती.

या कष्टकऱ्यांच्या विश्रांतीसाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्या नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ मध्ये ठाणे येथे एका गरीब फुलमाळी कुटुंबात झाला. हे घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील कन्हेरसर या गावचे. घरची परिस्थिती बेताची असूनही नारायणरावांनी मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण पुरे केले. त्या काळी बहुजन समाजातील मुलाने एवढे शिकणे ही सामान्य गोष्ट नव्हती. शिक्षणानंतर त्यांनी प्रथम रेल्वेत आणि मग टपाल खात्यात नोकरी केली. पुढे ते मुंबईतील मांडवी भागातील एका कापड गिरणीत भांडारपाल म्हणून रुजू झाले. ही नोकरी फार वर्षे टिकली नाही. पण त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले ते येथेच. भांडारपालाचे काम सामानाची नोंद ठेवण्याचे, म्हणजे बसून करण्याचे असते. त्या जागेवरून त्यांना उभ्याने चालणारे काम रोज दिसत होते. पहाटेच्या भोंग्याला धावत येणारे बाप्ये, कडेवरचे मूल शेजारणीकडे सोपवून येणाऱ्या बाया आणि डुलक्या घेत बाबिनी बदलणारी पोरे ही त्यांच्या नित्याच्या पाहण्यातली माणसे झाली.

याच सुमारास ते महात्मा जोतीराव फुले यांच्या विचारांकडे ओढले गेले. जोतीरावांनी १८७३ मध्ये पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली होती. समाजाचे एक कार्यकर्ते कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात 'दीनबंधु' हे साप्ताहिक सुरू केले. परंतु पैशाच्या अडचणीमुळे ते चालवणे त्यांना जड जाऊ लागले. १८८० मध्ये लोखंडे यांनी ते पत्र मुंबईला आणले, हातातली नोकरी सोडली आणि संपादनाचे काम पूर्णवेळ पत्करले. संसार चालवणाऱ्या माणसाने ठरलेला पगार सोडून कर्जात बुडालेले साप्ताहिक अंगावर घेणे, यात केवढे साहस होते हे सांगायला नको. शेतकऱ्यांची आणि कामगारांची दुःखे त्यांच्याच भाषेत मांडणारी पत्रे तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही नव्हती. 'दीनबंधु'ने ती उणीव भरून काढली. पुढे अखेरपर्यंत लोखंडे या पत्राचे काम पाहत राहिले.

'दीनबंधु' मुंबईला आला त्याच वेळी गिरण्यांसाठी कायदा असावा की नसावा, यावर शहरात मोठा वाद चालू होता. १८७५ मध्ये सरकारने नेमलेल्या आयोगात या प्रश्नावर एकमत होऊ शकले नव्हते. सोराबजी शापूरजी बंगाली या पारशी समाजसुधारकाने १८७८ मध्ये कायद्याचा एक मसुदा तयार करून या मागणीला चालना दिली. अखेर १८८१ मध्ये हिंदुस्थानातील पहिला कारखाना कायदा झाला. त्यात मुख्यतः मुलांचा विचार होता. सात वर्षांखालील मुलाला कामावर घेण्यास बंदी झाली. सात ते बारा वयाच्या मुलांकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा अधिक काम घेऊ नये, त्यांना रोज एक तास विश्रांती आणि महिन्यातून चार सुट्या द्याव्यात, असे ठरले. हा कायदा शंभर किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या आणि यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांपुरताच होता. बाप्ये आणि बाया यांच्याविषयी मात्र त्यात अवाक्षरही नव्हते.

वरवर पाहता मुलांना तरी न्याय मिळाला असे वाटते. प्रत्यक्षात कागदावरचा हा तास मुलाच्या वाट्याला येणे कठीण होते. जन्माची नोंद नसल्यामुळे मुलाचे वय ठरवायचे ते अंगकाठी आणि दात पाहून. दहा वर्षांच्या मुलाला तेरा वर्षांचा म्हणून उभे केले की कायद्याचा प्रश्नच मिटला. त्यासाठी जॉबर जसा तयार असे, तसे गरजेपोटी आईबापही तयार होत. याहून मोठी अडचण यंत्राची होती. मोठ्या माणसांसाठी साचे चालू राहणार आणि त्याच साच्यावरच्या बाबिनी बदलणाऱ्या मुलाने तासभर बाजूला बसायचे, हे जमावे कसे? चालत्या गिरणीत एकट्या मुलाची विश्रांती शाबूत राहत नाही. ती राहायची असेल तर भोंगा सर्वांसाठी वाजला पाहिजे आणि यंत्र सर्वांसाठी थांबले पाहिजे. लोखंडे यांच्या मागण्यांचे मोल या दृष्टीने पाहिले म्हणजे कळते.

१८८४ मध्ये मुंबई सरकारने गिरण्यांतील परिस्थितीची चौकशी करण्यासाठी आयोग नेमला. आयोगापुढे मालक बोलतील, डॉक्टर बोलतील, अधिकारी बोलतील; पण ज्यांच्याविषयी हे सारे चालले आहे त्यांचे कोण ऐकणार, असा प्रश्न होता. लोखंडे यांनी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये परळ येथे गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या. बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन ही संस्थाही त्यांनी याच वर्षी उभी केली. सभेत एक अर्ज तयार झाला आणि त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांनी सह्या व निशाण्या केल्या. अर्जातील मागण्या मोजक्या होत्या. दर रविवारी पूर्ण दिवस सुटी असावी. दुपारी अर्धा तास काम थांबावे. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे. महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हाती पडावा. कामावर जखमी झालेल्या माणसाला बरा होईपर्यंत पगार मिळावा आणि तो कायमचा जायबंदी झाला तर त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी.

आज या मागण्या वाचताना त्यांत विशेष असे काही वाटत नाही, कारण त्यांतल्या बहुतेक गोष्टी आपण गृहीत धरतो. त्या काळी मात्र त्या ऐकून अनेकांच्या भुवया उंचावल्या. कामगार कामाच्या वेळातच तंबाखू ओढायला, हातपाय धुवायला बाहेर जातो, मनाला येईल तेव्हा गावी निघून जातो, मग त्याला वेगळी विश्रांती कशाला, असे मालकांचे म्हणणे होते. चोरून घेतलेली पाच मिनिटे आणि हक्काचा अर्धा तास यांतला फरक त्यांना दिसत नव्हता, किंवा पाहायचा नव्हता. चोरून घेतलेल्या विसाव्याला दंडाची भीती चिकटलेली असते. त्यात घासही धड गिळला जात नाही.

विरोध केवळ मालकांचा असता तर तो समजण्यासारखा होता. परंतु देशाभिमानी म्हणवणाऱ्या अनेक वृत्तपत्रांनीही कारखाना कायद्यावर टीका केली. त्यांच्या शंकेला आधार नव्हता असे नाही. इंग्लंडमधील लँकेशायरच्या कापड गिरणीवाल्यांना मुंबईची स्पर्धा खुपत होती आणि हिंदी मजुरांचे तास कमी व्हावेत यासाठी ते आपल्या सरकारवर दडपण आणीत होते. मजुरांविषयीच्या त्यांच्या कळवळ्यात स्वार्थ मिसळलेला होता, हे उघड होते. मग सुटी मागणारा माणूस परक्या व्यापाऱ्याच्या हातचे बाहुले तर नाही ना, असा संशय लोखंडे यांच्यासारख्यांच्या वाट्याला येणे स्वाभाविक होते. देशी उद्योग जगला पाहिजे हे त्यांनाही मान्य होते. तो उपाशी, अर्धझोपेतल्या मुलांच्या जिवावर जगावा, हे मात्र त्यांना मान्य नव्हते. मागणी करणाऱ्याचा हेतू काहीही असो, कामगाराचे श्रम खरे आहेत की नाहीत एवढाच त्यांच्यापुढचा प्रश्न होता, असे त्यांच्या साऱ्या कार्यावरून दिसते.

१८८५ मध्ये आयोगाचा अहवाल आला. पण कायद्यात बदल झाला नाही. पाच वर्षे अशीच गेली. दरम्यान काही गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्तानंतरही काम चालवणे शक्य झाले. म्हणजे आजवर निसर्गाने घातलेली मर्यादाही निघून जाण्याची वेळ आली. लोखंडे यांनी लेख, सभा आणि अर्ज हा क्रम सोडला नाही.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर त्यांनी कामगारांची सभा बोलावली. सुमारे दहा हजार कामगार तेथे जमले. या सभेत दोन स्त्री-कामगारांनी भाषणे केली. घराबाहेर चार माणसांत बोलणेही स्त्रीला अवघड असण्याच्या त्या काळात, हजारोंच्या समुदायापुढे उभे राहून आपल्या थकव्याविषयी त्या बोलल्या, ही घटना असाधारण म्हटली पाहिजे. आठवड्याच्या सुटीची मागणी करणारा अर्ज सभेत संमत होऊन गिरणी-मालकांच्या संघाकडे गेला. सुटी रविवारचीच का, तर रविवार हा खंडोबाचा वार, असाही मुद्दा लोखंडे यांनी मांडल्याचे सांगितले जाते. साताऱ्या-पुण्याकडच्या कितीतरी कामगारांचे कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. त्यामुळे ही मागणी परकी न वाटता त्यांना आपली वाटली असणार. १० जून १८९० रोजी मालकांच्या संघाने आठवड्याची सुटी मान्य केली.

मालकांनी दिलेले मालक परतही घेऊ शकतात, याची जाणीव असल्यामुळे कायद्याचा आग्रह तेवढ्यावर थांबला नाही. त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने डॉ. लेथब्रिज यांच्या अध्यक्षतेखाली कारखाना आयोग नेमला. मुंबईतील कामकाजात कामगारांचा पक्ष मांडण्यासाठी लोखंडे यांना आयोगात सामील करून घेण्यात आले. सहा वर्षांपूर्वी ज्यांना दाराबाहेरून अर्ज द्यावा लागला होता, ते आता आत बसून प्रश्न विचारू शकत होते.

या आयोगानंतर १८९१ चा कायदा झाला. आता पन्नास माणसांचा कारखानाही कायद्याच्या कक्षेत आला. नऊ वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी झाली. नऊ ते चौदा वयाच्या मुलांचे काम सात तासांवर आले आणि रात्री त्यांच्याकडून काम घेण्यास मनाई झाली. स्त्रियांचे तास अकरा ठरले आणि त्यांत दीड तासाची विश्रांती आली. सर्वांना आठवड्यातून एक दिवस सुटी मिळाली. आणि दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान अर्धा तास काम थांबलेच पाहिजे, असा नियम झाला. परळच्या सभेत निशाण्या करणाऱ्यांनी मागितलेला अर्धा तास सात वर्षांनी कायद्यात उतरला.

हा कायदा परिपूर्ण होता असे मात्र म्हणता येणार नाही. पुरुषांच्या कामाचे तास त्याने ठरवले नाहीत. त्यासाठी १९११ साल उजाडावे लागले. मुलांच्या बाबतीत तर एक नवीच पळवाट निघाली. सात तासांच्या मर्यादेमुळे गिरण्यांतून मुलांच्या पाळ्या लागल्या आणि ती, आजच्या भाषेत सांगायचे तर, अर्धवेळ कामगार झाली. पुढे काही ठिकाणी एकच मूल एका गिरणीत अर्धी पाळी करून दुसऱ्या गिरणीत दुसरी पाळी करू लागले. कायद्याने दिलेली सवड गरिबीने अशी हिरावून घेतली. या अनुभवातून शिकायला पुढच्या कायदेकर्त्यांना बराच काळ लागला. १९४८ च्या कारखाना कायद्याने चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात मज्जाव केला, चौदा वर्षे पूर्ण झालेल्या पण पंधरा वर्षांखालील मुलांचे काम साडेचार तासांवर आणले आणि प्रौढांसाठी सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती ठरवली. १९८६ च्या बालकामगार कायद्यातील कामाच्या वेळेविषयीचे नियम २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा ते अठरा वयाच्या किशोरांना लागू झाले. धोकादायक नसलेल्या कामावरही किशोराकडून सलग तीन तासांपेक्षा अधिक काम घेता येत नाही. त्यानंतर त्याला किमान एक तास विश्रांती द्यावी लागते. विश्रांतीचा आणि कामाची वाट पाहण्याचा वेळ धरून त्याचा दिवस सहा तासांत संपला पाहिजे. सायंकाळी सात ते सकाळी आठ या वेळात त्याला कामावर ठेवता येत नाही, जादा काम सांगता येत नाही आणि आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुटी द्यावी लागते. एका ठिकाणी काम केलेल्या किशोराला त्याच दिवशी दुसऱ्या ठिकाणी कामावर लावता येत नाही, असेही हा कायदा सांगतो. दोन गिरण्यांत दोन पाळ्या करणाऱ्या मुलांची आठवण या कलमामागे उभी आहे, असे वाटल्यावाचून राहत नाही.

लोखंडे यांच्या संस्थेला सभासदांची यादी नव्हती, निधी नव्हता आणि नियमावलीही नव्हती, असा शेरा सरकारी अहवालात नोंदला गेला आहे. तो खोटा नाही. आजच्या अर्थाने ती कामगार संघटना नव्हती. वर्गणी गोळा करणे, संप चालवणे हे तिच्या वाट्याला आले नाही. तरीही भारतातील कामगार चळवळीचे जनक म्हणून लोखंडे यांचेच नाव घेतले जाते. अक्षरओळख नसलेल्या हजारो माणसांना आपले गाऱ्हाणे कागदावर मांडता येते आणि तो कागद सरकारच्या मेजावर ठेवता येतो, हे त्यांनी प्रथम दाखवून दिले.

त्यांचे कार्य गिरणीच्या फाटकापाशी थांबले नाही. विधवा झालेल्या स्त्रीचे केस सक्तीने कापण्याची दुष्ट रूढी त्या काळी उच्चवर्णीय समाजात होती. १८९० मध्ये त्यांनी मुंबईतील नाभिकांना एकत्र करून या कामासाठी वस्तरा हाती न धरण्याचा निश्चय त्यांच्याकडून करवून घेतला. रूढी मोडण्याचा हा मार्ग त्यांच्यातल्या कामगार पुढाऱ्यालाच सुचावा असा आहे. १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांचा भीषण दंगा झाला, तेव्हा कामगार वस्त्यांत सलोखा राहावा म्हणून ते झटले. १८९५ मध्ये सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली. त्यांचे राहणे आणि वागणे मात्र पूर्वीचेच राहिले.

१८९६ च्या अखेरीस मुंबईत प्लेगची साथ पसरली. ज्यांना शक्य होते ते शहर सोडून गेले. कामगारांपैकीही कितीतरी जण गावाकडे पळाले. जे उरले ते चाळींतल्या अंधाऱ्या खोल्यांतून दाटीवाटीने राहत होते आणि साथीचा मारा त्यांच्यावरच अधिक होता. लोखंडे यांनी शहर सोडले नाही. रोग्यांसाठी रुग्णालय उभारण्यात आणि त्यांची शुश्रूषा करण्यात ते गुंतले. त्यातच त्यांना प्लेगने गाठले. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांनी वयाची पन्नाशीही गाठली नव्हती. त्यानंतर महिनाभरात, १० मार्च रोजी, पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांनीही देह ठेवला.

भारतीय टपाल खात्याने ३ मे २००५ रोजी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. ज्या खात्यात त्यांनी तरुणपणी नोकरी केली, त्याच खात्याचे हे तिकीट होते. मुंबईतील गिरण्यांची धुराडी आता थंड झाली आहेत आणि त्यांच्या जागी उंच इमारती उभ्या आहेत. ज्या परळमध्ये १८८४ च्या सप्टेंबरात साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार झाला, त्याच परळमध्ये कामगारविषयक शिक्षण देणारी महाराष्ट्र शासनाची संस्था आहे. तिला लोखंडे यांचे नाव देण्यात आले आहे.